कर्नलमध्ये पॅकेटचं हेडर वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका मित्राच्या घरी, वरच्या खोलीत, दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड वाचायला बसतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं असतात, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणारे दोघं असतात, कधी शिवाजी विद्यापीठातून कुणी येतं. नेटवर्कच्या भागाशी पोचलं की नवा माणूस साधारण हेच प्रश्न विचारतो. प्रश्न चांगले असतात. घाईघाईत उत्तर दिलं की ते अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतोय. फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत. मोठ्याने वाचलीत की कोडमधलं मूळ नाव लगेच ओळखाल.

पॅकेट कर्नलच्या हातात येतं तेव्हा त्यात नेमकं काय असतं?

पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून येणारा डेटाचा गठ्ठा, आणि हेडर म्हणजे त्याच्या सुरुवातीला कुणाकडून, कुणाला, आत काय हे लिहिलेला भाग. हेडरं एकापाठोपाठ येतात: इथरनेट, मग आयपी, मग टीसीपी. कर्नलला मात्र दिसते नुसती बाइटांची रांग. "इथून आयपी सुरू, इथून टीसीपी सुरू" अशी पाटी त्यात कुठेही नसते. इथरनेटचं हेडर १४ बाइटांचं: पहिले ६ ज्याला पोचवायचं त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता), पुढचे ६ पाठवणाऱ्याचा, आणि शेवटचे २ आत काय आहे ते सांगणारे. हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) ०८०० असेल तर आत आयपीव्ही४, ८६डीडी असेल तर आयपीव्ही६, ०८०६ असेल तर एआरपी. (याच दोन बाइटांत १५०० किंवा त्याहून कमी आकडा असेल तर तो प्रकार नसून लांबी असते. ही जुनी ८०२.३ ची पद्धत. प्रकाराचे आकडे १५३६ पासून सुरू होतात, त्यामुळे दोन्ही एकाच जागेत नांदतात.) पुढे आयपीच्या हेडरमध्ये 'प्रोटोकॉल' नावाचा एक बाइट असतो: १ आयसीएमपी, ६ टीसीपी, १७ यूडीपी.

म्हणजे प्रत्येक हेडर पुढच्याचं नाव सांगतं, आणि काही हेडरं स्वतःची लांबीही सांगतात. सगळी मेख या 'सांगतात' मध्ये आहे. शाहू मार्केट यार्डात गुळाची गाडी आली की ड्रायव्हर बिल्टी पुढे करतो. बिल्टीवर २०० नग लिहिलेले असतील, पण गोडाऊनवाला सही करायच्या आधी गाडीतले नग मोजतो. बिल्टी खोटीच असते असं नाही. मोजल्याशिवाय ती खरी आहे हे कळत नाही, एवढंच. हेडरमधला प्रत्येक आकडा ही बिल्टी आहे, आणि ती अनोळखी माणसाने लिहिलेली आहे. प्रत्यक्षात आलेले बाइट हे नग. खाली जे काही लिहिलंय ते बहुतेक या मोजणीबद्दलच आहे.

हे काम कर्नलनेच का करायचं? प्रोग्रामला करू दे की.

कारण पॅकेट कोणत्या प्रोग्रामचं आहे हेच मुळी हेडर वाचल्याशिवाय ठरत नाही. पत्ता आणि पोर्ट (जणू प्रोग्रामच्या दाराचा क्रमांक) वाचल्यावरच सॉकेट, म्हणजे त्या प्रोग्रामची जोडणी, सापडतं. शिवाय राउटिंग, फायरवॉल आणि मोजदाद ही कामं कुणा एका प्रोग्रामची नाहीत. कर्नलला पूर्ण बगल देऊन नेटवर्क कार्ड थेट प्रोग्रामच्या ताब्यात देण्याच्याही पद्धती आहेत, डीपीडीके ही त्यातली प्रसिद्ध. पण तिथेही हेडर कुणीतरी तपासावं लागतंच.

एसके_बफ म्हणजे काय आणि त्यात इतके पॉइंटर कशाला?

एसके_बफ ही लिनक्समधली पॅकेटची वही. बाइट तिच्यात नसतात, ते वेगळ्या मेमरीत असतात. वहीत त्यांच्या खुणा, म्हणजे पॉइंटर, असतात. चार मुख्य खुणा: हेड आणि एंड ही राखून ठेवलेल्या जागेची दोन टोकं, डेटा आणि टेल ही त्यातल्या कामाच्या बाइटांची टोकं. इथरनेटचं हेडर वाचून झालं की एसकेबी_पुल डेटाची खूण १४ बाइट पुढे सरकवतं. बाइट जागचे हलत नाहीत, कॉपी होत नाहीत. पाठवताना उलटं: एसकेबी_पुश खूण मागे आणतं आणि मोकळ्या जागेत हेडर लिहिलं जातं. यात वेग आहे, आणि रचना फार सुरेख आहे असं मला आजही वाटतं.

शिवाय मॅक, नेटवर्क आणि ट्रान्सपोर्ट या तीन हेडरांच्या जागा वेगळ्या नोंदवलेल्या असतात. त्यामुळे डेटाची खूण पुढे गेली तरी मागे वळून आयपीचं हेडर काढता येतं.

आता अवघड भाग. सगळे बाइट या एका सलग जागेत असतीलच असं नाही. मोठ्या पॅकेटचा काही भाग सुट्ट्या मेमरी-पानांत असू शकतो. 'लेन' मध्ये एकूण लांबी असते, 'डेटा_लेन' मध्ये सलग नसलेल्या भागाची. दोन्हींतला फरक म्हणजे सलग भाग, तो एसकेबी_हेडलेन देतं. पॅकेट १५०० बाइटांचं असेल आणि सलग भाग फक्त १४ बाइटांचा, हे पूर्णपणे कायदेशीर आहे. 'लेन' बघून थेट पॉइंटरने २० बाइट वाचायला गेलात तर भलत्याच मेमरीत हात घालाल.

म्हणूनच का सगळीकडे पीएसकेबी_मे_पुल दिसतं?

होय. त्याचा अर्थ: "मला सुरुवातीचे इतके बाइट सलग हवेत. आहेत का? नसतील तर पानांतून ओढून आण. पॅकेटात तेवढे बाइटच नसतील तर नाही म्हण." नाही म्हटलं की पॅकेट टाकून द्यायचं, वाद घालायचा नाही.

आता या फंक्शनबद्दलची जी गोष्ट शिकायला मला तीन दिवस लागले, ती सांगतो. एका छोट्या राउटरच्या फर्मवेअरसाठी मी मॉड्यूल लिहीत होतो. आयपी हेडरचा पॉइंटर काढला, मग टीसीपीचं हेडर सलग करून घेण्यासाठी पीएसकेबी_मे_पुल बोलावलं, आणि पुढे तोच जुना आयपीचा पॉइंटर वापरत राहिलो. माझ्या टेबलावर सगळं सुरळीत. ग्राहकाकडे दुसरं नेटवर्क कार्ड होतं, त्याचा ड्रायव्हर पॅकेटचा बहुतेक भाग पानांत ठेवायचा. तिथे कधी भलताच पत्ता वाचला जायचा, कधी अख्खा राउटर बसायचा. चूक माझीच होती. ओढून आणायला जागा पुरली नाही की हे फंक्शन नवी जागा घेतं, बाइट तिकडे नेतं आणि जुनी जागा सोडून देतं. माझा पॉइंटर त्या सोडलेल्या जागेकडे बघत होता. शेवटी केएसॅन (सोडलेल्या मेमरीत हात घातला की ओरडणारं कर्नलमधलं साधन) चालू करून तसंच पॅकेट पाठवलं, तेव्हा पहिल्याच मिनिटाला त्याने बोट दाखवलं.

नियम साधा आहे: पीएसकेबी_मे_पुल नंतर आधीचे सगळे हेडर-पॉइंटर बाद. आयपी_एचडीआर पुन्हा बोलवा, टीसीपी_एचडीआर पुन्हा बोलवा. कर्नलच्या मूळ कोडमध्ये हीच ओळ दोनदा लिहिलेली दिसली की नवी पोरं ती काढायला जातात. काढू नका.

नुसतं वाचायचं असेल, पॅकेटला हात लावायचा नसेल, तर एसकेबी_हेडर_पॉइंटर बरं. बाइट सलग असतील तर ते तिथलाच पत्ता देतं, नसतील तर तुम्ही दिलेल्या छोट्या बफरमध्ये कॉपी करून त्याचा पत्ता देतं. काहीच हलत नाही, म्हणून जुने पॉइंटरही शाबूत राहतात. फायरवॉलच्या कोडमध्ये ते जागोजागी दिसेल.

बीएसडीवाल्यांसाठी: तिथे एमबफची साखळी असते आणि एम_पुलअप हेच काम करतं. ते फसलं तर साखळी मोकळी करूनच परत येतं, म्हणून जुना पॉइंटर तिथेही हात लावण्याजोगा राहत नाही.

आयपीव्ही४ चं हेडर तपासताना क्रम कोणता? तो बदलला तर चालेल का?

नाही चालणार. आयपी_आरसीव्ही आणि त्याच्या आतला कोड उघडून एकदा स्वतः वाचा. माझ्या मते सुरुवात करायला कर्नलमध्ये याहून चांगली जागा नाही. क्रम असा चालतो.

आधी किमान २० बाइट सलग आहेत ना, हे बघितलं जातं. त्याशिवाय पहिला बाइटही वाचत नाहीत. मग पहिल्या बाइटाचे दोन अर्धे: वरचे ४ बिट आवृत्ती, ती ४ हवी, खालचे ४ बिट हेडरची लांबी, ३२ बिटांच्या शब्दांत मोजलेली, ती किमान ५ हवी. ५ गुणिले ४ म्हणजे २० बाइट. जास्तीत जास्त १५, म्हणजे ६० बाइट. नेहमीच्या पॅकेटचा पहिला बाइट हेक्समध्ये ४५ दिसतो तो यामुळे.

आता हेडर म्हणतंय "मी ६० बाइटांचं आहे". ही बिल्टी. म्हणून पुन्हा पीएसकेबी_मे_पुल, यावेळी ६० साठी. आणि पुन्हा पॉइंटर काढणं. त्यानंतरच चेकसम (बाइट बिघडले का हे ओळखणारी बेरीज), कारण चेकसम अख्ख्या हेडरवर चालतो, आणि अख्खं हेडर हाताशी आहे याची खात्री आत्ता कुठे झाली.

मग एकूण लांबी. तिच्या दोन तपासण्या आहेत. हेडर सांगतं त्यापेक्षा कमी बाइट आले असतील तर पॅकेट तुटलेलं आहे, टाकून द्या. आणि एकूण लांबी हेडरच्या लांबीपेक्षाही कमी असेल तर पॅकेट खोटं आहे, टाकून द्या. दुसरी तपासणी पुष्कळांना फालतू वाटते. पण पुढे कुणीतरी "एकूण वजा हेडर" अशी वजाबाकी करून आतल्या मालाची लांबी काढणार आहे. एकूण १० आणि हेडर २० असेल तर उत्तर उणे १०. ते चिन्ह नसलेल्या पूर्णांकात पडलं की चार अब्जांच्या घरात जातं. पुढे हा धागा दोनदा येईल, लक्षात ठेवा.

आणि जास्त बाइट आले असतील तर? ती चूक नाही. इथरनेटमध्ये आतला माल किमान ४६ बाइटांचा लागतो. ऑप्शन (हेडरला जोडलेले जादा भाग) नसलेली टीसीपीची नुसती पोचपावती २० अधिक २० म्हणजे ४० बाइटांची, म्हणून पाठवणारा मागे ६ बाइटांची भर घालतो. रिकाम्या खोक्यात पेंढा भरतात तशी. एकूण लांबी बघून कर्नल तो पेंढा छाटतो. तो छाटला नाही तर वरच्या थराला तेच ६ बाइट डेटा वाटतील.

आकडे उलटे का दिसतात?

नेटवर्कवर आकड्याचा मोठा बाइट आधी येतो. आपल्या लॅपटॉपमधले प्रोसेसर मेमरीत लहान बाइट आधी ठेवतात. लिनक्समधला साधा पिंग ८४ बाइटांचा असतो: २० आयपी, ८ आयसीएमपी, ५६ डेटा. हेक्समध्ये ००५४. एनटीओएचएस (बाइटांचा क्रम आपल्या प्रोसेसरसारखा करणारं फंक्शन) न लावता वाचलात तर ५४०० दिसेल, म्हणजे २१५०४. पॅकेट ८४ चं, तुमचा प्रोग्राम म्हणतो साडेएकवीस हजार. रविवारच्या बैठकीत प्रत्येकाच्या पहिल्या प्रयत्नात हा आकडा येतो.

कर्नलमध्ये अशा फील्डांना वेगळा प्रकार दिलेला असतो, नावात 'बीई१६' किंवा 'बीई३२' असतं. स्पार्स नावाचं साधन चालवलंत तर बदल न करता वापरलेली प्रत्येक जागा ते दाखवतं. इशारे बंद करण्यासाठी जबरदस्तीने कास्ट टाकू नका. इशारा बहुतेक वेळा बरोबर असतो.

१४ बाइटांच्या इथरनेट हेडरमुळे कसला त्रास होतो?

१४ ला ४ ने भाग जात नाही. फ्रेम ४ च्या पटीतल्या पत्त्यावर सुरू झाली तर आयपीचं हेडर, आणि त्यातले ३२ बिटांचे पत्ते, २ बाइटांनी तिरके बसतात. काही प्रोसेसरांना असं वाचन झेपत नाही, काहींना वेळ लागतो. उपाय म्हणून ड्रायव्हर सुरुवातीला २ बाइट मोकळे सोडतो, म्हणजे आयपी बरोबर १६ व्या बाइटावर येतं. त्या २ चं नाव नेट_आयपी_अलाइन. एक्स८६ वर ते ० ठेवलेलं आहे, कारण तिथे तिरकं वाचन स्वस्त पडतं आणि कार्डाला तिरकं लिहायला लावणं महाग.

चेकसम जुळला म्हणजे पॅकेट खरं, असं धरायचं का?

अजिबात नाही. हा चेकसम म्हणजे १६-१६ बिटांचे शब्द एकाच्या पूरक पद्धतीने बेरीज करून उलटवलेले. वाटेत एखादा बिट बिघडला तर तो पकडेल. पण बेरजेला क्रम कळत नाही: दोन शब्दांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच. आणि मुद्दाम खोटं हेडर लिहिणारा चेकसम बरोबरच लिहितो. आयपीव्ही६ ने तर हेडरमधला चेकसम काढूनच टाकला.

तुकड्यांचं प्रकरण इतकं बदनाम का आहे?

कारण इथे एका पॅकेटची बिल्टी तपासून भागत नाही. अनेक बिल्ट्या एकमेकींशी जुळवाव्या लागतात. मोठं आयपी पॅकेट वाटेत तुकड्यांत मोडतं. प्रत्येक तुकडा सांगतो "मी मूळ पॅकेटात इतक्या जागेवर बसतो". ही जागा १३ बिटांत, ८ च्या पटीत लिहितात. सगळ्यात मोठा आकडा ८१९१, म्हणजे ६५५२८ वी जागा. आणि अख्ख्या पॅकेटची कमाल लांबी ६५५३५. शेवटचा तुकडा ६५५२८ वर बसवला आणि त्यात १०० बाइट घातले, तर जोडलेलं पॅकेट मर्यादेबाहेर जातं. प्रत्येक तुकडा एकेकटा बघितला तर निर्दोष. १९९६-९७ च्या सुमारास 'पिंग ऑफ डेथ' ने अनेक ऑपरेटिंग सिस्टिम याच वाटेने पाडल्या. जोडणाऱ्या कोडने ६५५३५ ची जागा राखली होती आणि बेरीज तपासली नव्हती.

१९९७ मध्ये 'टिअरड्रॉप' आलं. त्यात दुसरा तुकडा पहिल्यावर चढलेला असे, तोही असा की पूर्णपणे पहिल्याच्या पोटात. जुना कोड चढलेला भाग सोडून देण्यासाठी दुसऱ्याची सुरुवात पहिल्याच्या शेवटापर्यंत पुढे सरकवायचा. मग "शेवट वजा सुरुवात" काढायचा. सुरुवात शेवटाच्या पुढे गेलेली, म्हणजे उत्तर उणे. कॉपी करणाऱ्या फंक्शनला ते प्रचंड मोठं दिसलं. हीच ती वजाबाकी.

एकमेकांवर चढलेले तुकडे हवेतच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आयपीव्ही६ साठी २००९ मध्ये त्यांना बंदीच झाली. लिनक्सने आयपीव्ही४ मध्येही असे तुकडे आले की अख्खं पॅकेट टाकून द्यायला २०१८ मध्ये सुरुवात केली. त्याच वर्षी 'फ्रॅगमेंटस्मॅक' उघड झालं होतं: तिथे मेमरी बिघडत नव्हती, पण मुद्दाम रचलेले तुकडे योग्य जागी बसवता बसवता प्रोसेसर थकत होता. त्या बातमीनंतरच्या रविवारी आम्ही तीन तास फक्त तुकडे जोडण्याचा कोड वाचला.

टीसीपीचे ऑप्शन वाचताना काय सांभाळायचं?

टीसीपीचं हेडरही २० ते ६० बाइटांचं, म्हणजे ऑप्शनना जास्तीत जास्त ४० बाइट. प्रकार ० म्हणजे संपलं, १ म्हणजे रिकामी जागा. बाकी सगळ्यांत प्रकारानंतर लांबीचा बाइट, आणि त्या लांबीत हे दोन बाइटही धरलेले. म्हणून लांबी किमान २ हवी. कुणी ० लिहिली आणि तुम्ही "लांबीइतकं पुढे जा" म्हणालात, तर तुम्ही जागचे हलणार नाही, आणि कर्नलमध्ये न संपणारा लूप म्हणजे तो कोअर गेला. लिनक्सचं टीसीपी_पार्स_ऑप्शन्स २ पेक्षा कमी लांबी दिसली की परत फिरतं, आणि उरलेल्या बाइटांपेक्षा जास्त लांबी दिसली तरी परत फिरतं.

आयपीव्ही६ मध्ये हेडर ठरावीक ४० बाइटांचं आहे. मग सोपंच ना?

पहिले ४० बाइट सोपे. त्यानंतर जोड-हेडरांची माळ येऊ शकते, आणि टीसीपी कुठे आहे हे ती माळ ओढत गेल्याशिवाय कळत नाही. बहुतेक जोड-हेडरांची लांबी ८ बाइटांच्या पटीत असते आणि पहिले ८ मोजत नाहीत. ऑथेंटिकेशन हेडर मात्र ४ च्या पटीत मोजतं आणि २ वजा करून लिहितं. एकाच सूत्राने सगळी वाचलीत तर इथे गाडी घसरते.

माळ पहिल्या तुकड्यात अर्धीच पाठवून फायरवॉलला चकवण्याची युक्ती जुनी आहे. पहिल्या तुकड्यात अख्खी माळ असलीच पाहिजे, हे २०१४ च्या आरएफसी ७११२ या नियम-दस्तऐवजाने ठरवलं. जे फायरवॉल अजून पोर्ट सापडला नाही म्हणून पॅकेट पुढे जाऊ देतात, ते चुकतात असं माझं ठाम मत आहे.

व्हीलॅनचा टॅग मला पॅकेटमध्ये दिसतच नाही. का?

व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर वेगळं पाडलेलं नेटवर्क. त्याचा टॅग ४ बाइटांचा असतो, हेक्स ८१०० ने ओळखू येतो आणि दोन्ही मॅक पत्त्यांनंतर बसतो. पण बहुतेक कार्डं तो आधीच काढून घेतात आणि कर्नल तो एसके_बफमधल्या वेगळ्या फील्डात ठेवतो. बाइट शोधत बसू नका, ते फील्ड बघा.

ईबीपीएफ आणि एक्सडीपीने हे सगळं सोपं झालं का?

शिकणाऱ्यासाठी नक्कीच, आणि मी नव्यांना तिथूनच सुरुवात करायला सांगतो. मूळ कल्पना जुनी: कर्नलमध्ये छोटा, सुरक्षित फिल्टर चालवणारं बीपीएफ १९९२ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत स्टीव्हन मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडलं. पॅकेटं दाखवणारं टीसीपीडंप आजही त्यावर चालतं. ईबीपीएफ हे त्याचंच वाढवलेलं रूप. ईबीपीएफचा प्रोग्राम थेट ड्रायव्हरजवळ चालवणारं एक्सडीपी २०१६ मध्ये लिनक्स ४.८ मध्ये आलं. तिथे एसके_बफ बनायच्याही आधी तुमच्या हाती दोन पॉइंटर येतात, डेटा आणि डेटा_एंड. "डेटा अधिक १४ हे डेटा_एंडच्या पुढे जात नाही ना" असं विचारल्याशिवाय इथरनेटचा एक बाइट वाचायचा प्रयत्न केलात, तर व्हेरिफायर, म्हणजे प्रोग्राम आधी तपासणारा कर्नलचा भाग, तो चढवूच देत नाही. नग मोजल्याशिवाय गोडाऊनचं दार उघडत नाही. आणि पॅकेटची जागा बदलू शकणारं फंक्शन बोलावलंत की तो आधीचे सगळे पॉइंटर बाद ठरवतो. माझे ते तीन दिवस त्याने वाचवले असते.

पण व्हेरिफायर मेमरी राखतो, अर्थ राखत नाही. आयपीचं हेडर नेहमी २० बाइटांचंच असतं असं धरून पुढच्या दोन बाइटांना तुम्ही पोर्ट म्हणालात, तर तो काही बोलणार नाही. ऑप्शन असलेलं पॅकेट आलं की तुम्ही ऑप्शनला पोर्ट समजाल, आणि तुमचा नियम त्याला लागू होणार नाही. तुकडा असेल तर आणखी वाईट: पहिल्या तुकड्याखेरीज कुठल्याही तुकड्यात पोर्ट नसतातच.

घरी सराव कसा करायचा? वेगळी लॅब लागते का?

एक लॅपटॉप पुरतो. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवरची वेगळी नेटवर्कं) दोन बनवा, व्हीईटीएचच्या जोडीने, म्हणजे आभासी केबलने, ती जोडा, एका बाजूने स्केपीने (पॅकेट बनवणाऱ्या साधनाने) हवं तसं वाकडं पॅकेट पाठवा, दुसऱ्या बाजूला टीसीपीडंप लावा. स्वतःचं मॉड्यूल लिहीत असाल तर ते क्यूईएमयूच्या आभासी मशीनमध्येच चालवा आणि तिथल्या कर्नलमध्ये केएसॅन चालू ठेवा. वाकडी पॅकेटं कॉलेजच्या किंवा कंपनीच्या नेटवर्कवर सोडू नका. तिथे दुसऱ्याचं काम चाललेलं असतं.

पहिला सराव म्हणून हे करा: हेडरची लांबी ४ लिहिलेलं पॅकेट, एकूण लांबी १० लिहिलेलं पॅकेट, आणि ६० बाइटांचं हेडर सांगून २५ व्या बाइटाला संपणारं पॅकेट. तिन्हींच्या वेळी कर्नल नेमक्या कुठल्या ओळीवर नाही म्हणतो ते शोधा.

कोल्हापुरात राहून याचा काय उपयोग? इथे कर्नल कोण लिहितंय?

हा प्रश्न पोरं हळू आवाजात विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो. उद्यमनगरातल्या आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कितीतरी यंत्रांचे कंट्रोलर आज इथरनेटवर बोलतात, आणि त्यातले बरेचसे मॉडबस टीसीपी बोलतात. पोर्ट ५०२. त्याचं हेडर ७ बाइटांचं: २ व्यवहार क्रमांकाचे, २ प्रोटोकॉलचे, २ लांबीचे, १ युनिटचा. आणि लांबीत युनिटचा बाइटही धरलेला असतो.

एका फाउंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवणारा प्रोग्राम काही दिवसांनी आपोआप गप्प व्हायचा. तिथल्या माणसांनी केबल बदलली, स्विच बदलला. मला बोलावलं तेव्हा मी कोड मागितला. ७ बाइट वाचून झाल्यावर "लांबी वजा १" इतके बाइट अजून यायचे आहेत असा हिशोब होता, १६ बिटांच्या चिन्ह नसलेल्या पूर्णांकात. कंट्रोलर कधीतरी बिघडलेलं उत्तर द्यायचा, लांबी ०. शून्य वजा एक, म्हणजे ६५५३५. प्रोग्राम कधीच न येणाऱ्या ६५५३५ बाइटांची वाट बघत बसायचा. मॉडबसमध्ये अख्खा संदेश २६० बाइटांच्या वर जात नाही. लांबी २ ते २५४ च्या बाहेर असेल तर जोडणी तोडा, एवढी एक ओळ घातली. १९९७ च्या टिअरड्रॉपमधली आणि या भट्टीतली वजाबाकी एकच आहे. ती ओळखणारा माणूस कारखान्यापासून दोन किलोमीटरवर राहत असेल, तर कारखान्याचा दिवस वाचतो.

कर्नलने पॅकेट टाकून दिलं, हे मला कळणार कसं?

तो मोजून ठेवतो. एनस्टॅट (हे आकडे दाखवणारं साधन) चालवा आणि आयपीच्या हेडर-चुकांचा आकडा बघा; तुटलेल्या पॅकेटांचा आणि चेकसमच्या चुकांचा वेगळा असतो. वरचा सराव करताना आधी आकडे लिहून घ्या, पॅकेट पाठवा, पुन्हा बघा. लिनक्स ५.१७ पासून कर्नल पॅकेट टाकताना कारणही नोंदवू लागला. केफ्री_एसकेबी या ट्रेसपॉइंटवर (कर्नलमधल्या नोंदीच्या जागेवर) पर्फ हे साधन लावलं की कोणत्या फंक्शनने आणि कशासाठी टाकलं ते ओळीने दिसतं. सगळी कारणं अजून नीट नावानिशी येत नाहीत, काही ठिकाणी नुसतं 'कारण दिलेलं नाही' असं दिसेल. ती जागा सापडली तर लिहून घेऊन रविवारी आणा. तिथे योग्य कारण भरणारा पॅच नव्या माणसाला जमण्याजोगा असतो, आणि तो पाठवायचा कसा हे आपण सगळे मिळून बघू.